हिचा गुडघा आणि माझा लीड स्क्रू

९ मे, सकाळ
हिला काल हॉस्पिटलमधून घरी आणलं. उजवा गुडघा नवा कोरा. व्यायाम घेणाऱ्या फिजिओ बाई सांगून गेल्या की पहिले सहा आठवडे महत्त्वाचे. रोज व्यायामाची सायकल मारायची, नाहीतर गुडघा आखडतो आणि मग कोणी काही करू शकत नाही. आज पासष्ट अंश वाकतो. निदान एकशे दहा हवा.
हिच्या मोठ्या भावाने, म्हणजे आमच्या मेहुण्यांनी, त्यांची सायकल टेम्पोने पाठवली. ड्रायव्हर हात लावतो म्हणाला, मी नको म्हटलं. सायकल पडली असं ही म्हणते. पडली नाही. ठेवताना जरा लवकर ठेवली गेली. उजव्या पेडलचा दांडा वाकला, बाकी काही नाही.

९ मे, दुपार
ही म्हणाली, दुकानात तयार पेडल मिळतं, घेऊन या. घरात लेथ असताना पेडल विकत आणायचं? रिटायर झाल्यावर हौसेने धातू कातायचा जुना लेथ घेतला, तो मागच्या खोलीत चार महिने चादरीखाली आहे. तो काय शोभेला? परवापर्यंत दांडा तयार करतो, असं हिला सांगितलं. ती भिंतीकडे बघत "बरं" म्हणाली.

११ मे
घाई करून चालत नाही. दांड्यावर आटे पाडायचे, तर आधी लेथचा लीड स्क्रू मेट्रिक की इंची हे कळलं पाहिजे. लीड स्क्रू म्हणजे लेथच्या पुढून जाणारा लांबलचक स्क्रू. तो फिरतो तसं हत्यार सरकतं. त्याचं माप चुकीचं धरलं की आपण पाडलेला प्रत्येक आटा चुकतो. हे मी टेक्निकल स्कूलमध्ये अठ्ठावीस वर्षं फळ्यावर शिकवलंय. प्रॅक्टिकल दुसरे सर घ्यायचे.
लेथवर कंपनीची पाटी नाही, पाटीची चार भोकं आहेत. विकणाऱ्याला तेव्हा विचारलं होतं. "साहेब, दोन्ही चालतं," म्हणाला होता.

१२ मे
मोजलं. दहा आटे, एकतीस मिलिमीटर आणि वर थोडं. मेट्रिक असता तर तीस भरले असते, इंची असता तर पावणेबत्तीस. पट्टी शाळेतली, कोपरा झिजलेला. झीज वजा केली की बरोबर तीस. कोपरा किती झिजलाय ते माहीत नाही, पण तेवढा झिजलाच असणार.
मेट्रिक.

१५ मे
मेहुणे हिला बघायला आले. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर टर्नर होते. मला मास्तर म्हणतात. मागच्या खोलीत आले, खिशातून बोटभर स्टीलची पट्टी काढली, लीड स्क्रूवर टेकवली. "इंचाला आठ आटे. इंची आहे, मास्तर." चहा गार व्हायच्या आत.
एका इंचावरून निष्कर्ष काढणं शास्त्रीय नाही. तसं बोललो नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असावं. ते म्हणाले, "मी पेडल आणून देऊ का? दुकान वाटेतच आहे." मी म्हटलं, काम अंतिम टप्प्यात आहे. त्यांनी बहिणीकडे बघितलं.

१८ मे
भक्कम पुरावा सापडला. हत्यार सरकवायच्या हँडलवर जी डायल आहे तिच्यावर मिलिमीटर लिहिलंय. डायल मेट्रिक, म्हणजे लेथ मेट्रिक, म्हणजे लीड स्क्रूही मेट्रिक. डायल हिरवी आणि लेथ करडा आहे. कंपनीची आवड असेल.

२१ मे
फिजिओ बाई आल्या. बासष्ट अंश. म्हणजे होता त्याहून तीन कमी. ही पलंगावर टाच सरकवायचा व्यायाम करते, पण तेवढ्याने भागत नाही म्हणे. सायकलचं काय अडलं, असं त्यांनी मला विचारलं. मी सुरुवातीपासून समजावून सांगायला घेतलं. इंची आट्यापर्यंत पोचलो तोवर त्यांनी बॅगेची चेन लावली होती.
त्यांचा कोनमापक प्लॅस्टिकचा आहे. दोन-तीन अंश इकडेतिकडे धरायलाच हवेत.

२४ मे, दुपार ४
दांडा झाला. लीड स्क्रू मेट्रिक धरून गिअर लावले, आटे पाडले. दिसायला सुरेख. हिला नेऊन दाखवला. तिने हातात घेऊन बघितला, म्हणाली, "लावा की मग."
सायकलच्या भोकात दोन फेरे मस्त गेला. मग अडकला. भोकात रंग गेला असणार.

२४ मे, संध्याकाळ ६
पान्याला पाइप लावून जोर दिला. आणखी अर्धा फेरा गेला. मग एकदम हलका फिरायला लागला. सायकलीच्या भोकातले आटेच उडाले. आता दुकानातलं पेडलही त्यात बसायचं नाही.
हिला आजच सांगायची गरज नाही.

२५ मे
सांगायची वेळच आली नाही. तिने आवाज ऐकला होता. सकाळी दादाला फोन केला आणि बॅग भरायला लावली, मलाच. मेहुण्यांनी कुणाकडून तरी दुसरी सायकल मिळवली आहे. निघताना म्हणाली, "तुम्ही तुमचं काम पूर्ण करा." रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

३० मे
घरात शांतता. नीट मोजायला उत्तम वेळ. नवी लांब पट्टी आणली. दहा इंचांत ऐंशी आटे, एक रेघ इकडे नाही की तिकडे नाही. इंची. शास्त्रीय पद्धतीने सिद्ध झालं हे महत्त्वाचं. फोन उचलला, मग ठेवला.

८ जून
मेहुण्यांकडे गेलो. ही सायकलवर होती. पाय वरपर्यंत जातो, तिथे अडतो, परत मागे येतो. एकही फेरा पुरा होत नाही. तोंडातून आवाज काढत नाही, फक्त हँडल आवळून धरते. मेहुणे तिच्या पाठीला हात लावून उभे होते. मी त्यांना हळूच म्हटलं, "इंचीच आहे."
ते म्हणाले, "तिला जरा पाणी आणता का?"

२२ जून
सहा आठवडे झाले. सत्तर अंश. डॉक्टर म्हणाले, भूल देऊन वाकवून बघता येतं, पण ऑपरेशनच्या वेळी हिच्या हार्टने त्रास दिला होता, म्हणून ते पुन्हा भूल द्यायला तयार नाहीत. आता एवढाच राहणार. मधले दिवस व्यायाम का झाला नाही, असं त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. मी मुद्दे जुळवत होतो. हीच म्हणाली, "सायकल बिघडली होती."

१ जुलै
ही परवा घरी आली. जिना एकेक पायरी करत चढते. खुर्चीत बसली की उजवा पाय खाली जात नाही, पुढे आलेलाच राहतो. त्या बाजूने जाताना मी वळसा घालून जातो. आज पेपर वाचत चाललो होतो, विसरलो आणि तिच्या पायाला अडखळलो. तिने डोळे मिटून दोन्ही हातांनी गुडघा धरला. मग डोळे उघडून मला विचारलं, "लागलं का?"
मी नाही म्हटलं.