करवतीची पँट

१२ मे १९७४, रविवार. गावी.
सकाळच्या एसटीनं साताऱ्याहून आलो. नामदेव नेहमीसारखा ओट्यावर, पण मांडीवर पेट्रोलची करवत. कोयनेकडच्या एका ठेकेदारानं दिलीय. १५ जूनपासून पावसाळाभर घाटरस्त्यावर पडतील ती झाडं तोडायची. उन्हाळ्यात म्हसवडकडं बाभळी. पलटणीत अशीच करवत चालवायचा, म्हणून बोलावणं. फौजेतून आल्यापासून आठ महिने गप्प असलेला धाकटा भाऊ दोन तास बोलत होता. साखळी, दात, तेल. ऐकत राहिलो.
जेवताना त्याची बायको शालन मला म्हणाली, "आवं भावजी, ह्यांच्या गुडघ्यावरचा वण बघितलाय न्हवं? बर्फात घसरलो म्हणत्यात. बर्फाला दात असत्यात व्हय?"
ना. (नामदेव) हसला. मग कबूल केलं. करवत उसळली होती. बर्फातला जाड कोट लांब होता म्हणून पाय राहिला.
दुपारी करवत धान्याच्या पेटीत. कुलूप. किल्ली शालनच्या कमरेला. "पाय वाचवंल अशी पँट आना. मग न्या."

१४ मे, मंगळवार. सातारा.
करवतीच्या खोक्यातली इंग्रजी पुस्तिका बरोबर आणलीय. शेवटच्या पानावर बर्फात उभा एक गोरा, नारिंगी पँट. मांडीवर आतून नायलॉनचे बरेच थर. साखळीचे दात धागे ओढतात, धागे चक्राला गुंडाळतात, इंजिन बंद पडतं. म्हणजे कापड करवतीला अडवत नाही, तिचा घसा धरतं! मोठा आनंद झाला. कोयनेचा पाऊस नि म्हसवडचं ऊन त्या गोऱ्याच्या गावी नाही. ते आमचं आम्ही बघायचं.
पोस्टकार्डावर मराठी करून गावी पाठवलं. मजकूर अकरा ओळी, जागा सात. कापून बसवला. वर्तमानपत्रातलं रोजचं, हातचं काम.

१९ मे, रविवार. गावी.
कराडचे इस्माईल मास्तर घरी आले. साऱ्या पंचक्रोशीतल्या फौजींचे कपडे शिवलेले. तीन कापडं आणलेली. दिवसभर जत्रा.
ताडपत्रीची नुसती टाचलेली विजार घालून ना. हौदात उतरला. मग ती गुळाच्या काट्यावर. कोरडी तीन किलो, भिजून सात. "ही घालून घाटात झाड तोडायचं का मीच आडवा हुयाचं?"
मग रेनकोटाचं कापड. ते घालून भर दुपारी खळ्यात अर्धा तास. उठला तेव्हा पँट बाहेरून कोरडी, आतून कोयना.
तिसरी खाकी ड्रिल. मास्तरांनी दोऱ्याला लावायचं मेण तिच्यावर चोळलं, वर तांब्याभर पाणी ओतलं. थेंब घरंगळून गेले. "पावसात ही, उन्हात बी हीच," मास्तर. ठरलं.
नायलॉन कुठून? शालन उठून आत गेली. दोन साड्या घेऊन आली, निळी आणि पिवळ्या फुलांची. "घामात लय चिकटत्यात. तशाबी नेसवत न्हाईत." तिसरी, गुलाबी, ना.नं पलटणीतून आणलेली, ती पेटीतच राहिली. कुणी विचारलं नाही.

२६ मे, रविवार. गावी.
पँट तयार. आतल्या आठ थरांचं काम शालननं मास्तरांना करू दिलं नाही. वाकळ शिवण्यात तिच्याएवढा हात गावात नाही. आठही थर एकत्र धरून, वरपासून खालपर्यंत, तांदळासारखा टाका. गल्लीतल्या बाया टाके बघायला आल्या होत्या.
परड्यात केळीचा बुंधा रोवला, त्याला पँट घातली. मास्तर बुंध्याला 'पाव्हणं' म्हणायला लागले. "पाव्हणं, कंबर सैल तर न्हाई न्हवं?" सगळे हसत होतो. ना.नं दोरी ओढली, करवत टेकवली.
आरपार. पँटीची तंगडी नि अर्धा पाव्हणा जमिनीवर.
शालन म्हणाली, "ह्यो पाय कुणाचा व्हता?"
मास्तर म्हणाले, "टाक्यात खोट न्हाई वैनी." ती तंगडी उचलून आत गेली. करवत पेटीत, किल्ली कमरेला. ना. परत ओट्यावर.

२७ मे, सोमवार. सातारा.
ऑफिसात आल्या आल्या पुस्तिका काढली. थर सैल सोडावेत, फक्त वरच्या कडेला शिवावेत, नाहीतर धागे ओढले जाणार नाहीत. इंग्रजीत स्पष्ट आहे. माझ्या कार्डात नाही. जागेसाठी कापलेल्या चार ओळींतली ती एक.
वीस वर्षं दुसऱ्यांचा मजकूर कापतोय. कधी कुणाच्या पायाशी संबंध आला नव्हता.
शालनला पाकिटातून पत्र. दोन पानं. एकही शब्द गाळला नाही. चूक माझी, हे पहिल्याच ओळीत.

२ जून, रविवार. गावी.
दारातच शालन. "भावजी, तुमी छापता तवाबी असंच कापता व्हय?" हसत होती, म्हणून जीव भांड्यात पडला. पत्र मिळाल्यापासून चार दिवसांत तिनं सगळी शिवण उसवली होती. निळी-पिवळीच्या चिंध्या झालेल्या. गुलाबी साडी स्वतःच कापायला घेतली. ना. म्हणाला, "अगं, ती ऱ्हाऊ दे." ती म्हणाली, "साडी दुसरी मिळंल."
ह्या वेळी मास्तरांनी पँट नाही, नुसता तुकडा केला. आठ पदर, वरच्या कडेला एकच टाका, बाकी मोकळे. नव्या पाव्हण्याच्या मांडीवर बांधला.
दोरी. गुरगुर. टेकवली. खर्रर्र... आणि बंद!
नुसती शांतता, नि करवतीच्या तोंडातून लोंबणारे गुलाबी धागे. तुकडा उचलला. केळीच्या सालीवर नखाएवढा ओरखडा.
मास्तरांनी पाव्हण्याला मिठीच मारली. शालन पदर तोंडाला लावून हसत हसत खाली बसली. ना. तासभर सुईनं चक्रातले धागे उपसत होता. "लय खाल्ली रं गड्या," असं करवतीला.
शालननं भजी तळली. पाव्हण्यापुढंही चार ठेवली.

९ जून, रविवार. गावी.
अखेरचं माप. थर फक्त पुढून, मांडीपासून घोट्यापर्यंत. मागं कापडच नाही, नुसते पट्टे, म्हणजे वारा लागेल. साध्या चड्डीवर बांधायची. ना. ओट्यावर फिरून दाखवू लागला. पुढून हवालदार, मागून... शालन ओरडली, "आवं, भिंतीकडं पाठ करा!"
भिजवून काट्यावर. सव्वातीन किलो. फार नाही.
म्हसवडच्या उन्हात काय होईल, मास्तरांनाही सांगता येईना. "तवाचं तवा," म्हणाले.

१५ जून, शनिवार. गावी.
रजा काढून आलो. शालननं किल्ली दिली नाही. स्वतः पेटी उघडली, करवत एसटीच्या टपापर्यंत स्वतः नेली. ना. ताठ उभा होता. असा ह्याआधी भरतीच्या दिवशी पाहिला होता.

२३ जून, रविवार. गावी.
कोयनानगरहून काल कार्ड आलेलं. शालननं माझ्याकडून वाचून घेतलं, तिला वाचता येत असून.
"पाऊस लय हाय. झाड अजून पडलं न्हाई. पँट घालून बसलोय. ठेकेदार इचारतोय, आनखी दोन शिवाल का?"
ती हिशेब करू लागली, गल्लीत कुणाकुणाच्या नायलॉनच्या साड्या आहेत त्याचा. मग थांबून म्हणाली, "भावजी, पँट खरंच चांगली हाय का, ते कवाच कळू नये, न्हाई का?"
व्हय, म्हणालो.

२६ जून, बुधवार. सातारा.
दुपारी फोनवरून बातमी. कोयनेच्या घाटात मोठं झाड आडवं, दोन एसट्या अडकल्या, करवतीनं तोडायचं काम चालू आहे. पान भरलेलं. संपादक म्हणाले, दोन ओळींत बसवा.
पाच ओळी होत्या. पाचही ठेवल्या. दुसरीकडची जाहिरात सरकवली.
'काम चालू आहे' हे तीनदा वाचलं. पाच वाजता कोयनानगरला परत फोन लावायचा आहे.