जहाज आत घ्यावं की परत पाठवावं

४ एप्रिल, शुक्रवार

गुरुप्रसादचं डोकं फिरलंय! महाराष्ट्र दिनाला मंडळाचं नाटक, आणि विषय काय, तर दीडशे वर्षांपूर्वीच्या मुंबई बंदराचा कारभार! लोक लावणी ठेवतात. हा पुण्याचा बँकवाला, इथे आखातात राहतो अमवाजच्या महागड्या फ्लॅटात, याला कारभार पाहिजे. गोष्ट अशी — बंदराबाहेर एक जहाज उभं आहे. त्यावर म्हणे साथ आहे. आरोग्य अधिकारी म्हणतो, आधी जकातवाल्यांनी तपासावं. जकातवाला म्हणतो, आधी आरोग्यवाल्यांनी. गोरा कलेक्टर दोघांचं ऐकून जांभई देतो आणि जहाज परत पाठवतो. खलास. हसायचं कुठे ते गुरुप्रसादने अजून सांगितलेलं नाही.

पण कलेक्टर मीच होणार. कुडाळकडच्या जत्रांत दशावतारात मी कायम राण्या केल्या. साडी नेसून रडायचं, नाहीतर रुसायचं. एकदा तरी टोपी घालून हुकूम सोडायचाय.

११ एप्रिल, शुक्रवार

कलेक्टर अश्विनी!!

चूक माझीच. बायको visit visa वर आलीय, दिवसभर घरात एकटी कंटाळते, म्हणून आमच्या हमद टाउनच्या घरून तालमीला घेऊन गेलो. हॉलवाल्याने एसी बंद ठेवलेला. मी एसीचा मेकॅनिक — मी गप्प. ती उठली आणि त्याला अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मालवणीत असा झापला की त्याने एसी लावला आणि वर सगळ्यांना चहा पाठवला. गुरुप्रसाद बघतच राहिला. वहिनी, तुम्हीच कलेक्टर, म्हणाला.

मी पट्टेवाला. वाक्य एक — ‘हुजूर, जहाज आलंय.’

१२ एप्रिल

पोटात दुखतंय माझ्या. दुसरं काही नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

घरीसुद्धा तालीम चालू. खुर्चीत बसून म्हणते, अरे पट्टेवाल्या, चहा आण. लग्न झाल्यापासून ‘अहो’शिवाय हाक नाही मारली या बाईने. आता अरे! आणि मी चहा केला. भांडीही घासली.

आज तिने मिशी लावून बघितली. दाजी म्हणाले, प्रवीण, तुझ्यापेक्षा हिलाच शोभते. दाजी म्हणजे आमचे ट्रेलर चालवणारे शेजारी, नाटकात जहाजाचे कप्तान. त्यांना फक्त खोकायचंय. तरी पट्टेवाल्यापेक्षा बरा रोल!

२२ एप्रिल, मंगळवार

तिचं ५ मेचं तिकीट आहे.

ऑफिसात family visa चं विचारून ठेवलंय. होईल म्हणाले. तिला विचारायचं मात्र धाडस होत नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाली होती, ही काय माणसांनी राहायची जागा, चार भिंती आणि एसीचा आवाज. आता विचारलं आणि नाही म्हणाली तर? न विचारलेलं बरं.

मला ती जायला नको आहे. इथे लिहिलं, बस.

२५ एप्रिल, शुक्रवार

गुरुप्रसाद तापला. मी प्रत्येक तालमीत वाक्य वेगळं बोलतो म्हणे. अहो, दशावतारात संहिता कुठे असते? कथा ठरते, मग तोंडाला येईल ते बोलायचं! त्याने सगळ्यांदेखत माझ्याकडून तीन शब्द घोकून घेतले. शाळेतसुद्धा असा अपमान झाला नव्हता.

२ मे, शुक्रवार

प्रयोग झाला. काल, महाराष्ट्र दिनाला, हॉल मिळाला नाही, म्हणून आज.

आधी सगळं ठरल्याप्रमाणे. ‘हुजूर, जहाज आलंय’ — अचूक! अधिकारी भांडले, दाजी खोकले, अश्विनीने जांभई दिली आणि हुकूम सोडला की जहाज परत जाऊ दे. मी सलाम ठोकून निघायचं होतं. निघालोच नाही. तोंड आपोआप सुटलं. म्हटलं, “हुजूर, हुकूम चुकला.”

विंगेत गुरुप्रसाद पानं उलटतोय, हे वाक्य आलं कुठून!

दशावतारी तोंड ते, सुटलं की थांबतंय थोडंच. म्हटलं, जहाज गेलं की बंदर ओस पडतं. कामावरून आल्यावर पट्टेवाल्याने कुणाशी बोलायचं? त्याला नुसता भात येतो, तोही खाली लागतो. लोक खो खो हसायला लागले. दाजी खोकायचे विसरले.

वाटलं, आता ही गोंधळणार. कसली गोंधळते! जत्रा बघतच वाढलेली ती. खुर्चीवरून उठली, पुढे आली, आणि गोरा कलेक्टर चक्क मालवणीत बोलला. “पट्टेवाल्या, त्या जहाजाक कोणी इचारलां काय, रवतंस काय म्हणान?”

जहाजाला राहतंस का म्हणून विचारायचं, या कल्पनेनेच हॉलभर हशा. शिट्ट्या. मला हसू येईना.

“नाय, हुजूर,” मी म्हटलं. “भीती वाटली.”

तिच्या मिशीची एक बाजू सुटून ओठावर लोंबत होती. गुरुप्रसादने घाईघाईने पडदा ओढला. जहाजाचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही.

गाडीत ती ओठावरचा मिशीचा डिंक खरवडत बसली.

३ मे, शनिवार

गुरुप्रसादचा फोन. मी इतिहासाचा खून केला म्हणे. आणि वर — लोक परत प्रयोग मागतायत.

अश्विनी बॅग भरतेय. खजूर, दुधाच्या पावडरचे डबे, आईसाठी चादर. मी वजन करून दिलं. दुसरं काय करणार.

४ मे, रविवार

सकाळी चहा ठेवला आणि शेजारी तिचा पासपोर्ट. म्हणाली, “family visa चां काय ता बघा. पुढल्या वर्साक माका गव्हर्नर व्हायचां आसा.”

लगेच गुरुप्रसादला फोन लावला. तो म्हणाला, नाटकात गव्हर्नर नाहीच.

म्हटलं, घाला.