नजर खाली ठेवायचं शिक्षण

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं वाकली तेवढ्यांचा गोड मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. खरं विचारशील तर तुझा भाऊ पार बुडाला आहे.

तुला ठाऊकच आहे, मी शिक्षकांना शिकवतो. हल्ली एकेका वर्गात चार-चार भाषांची, कुठून कुठून आलेल्या घरांची मुलं असतात. म्हणून आमच्या साहेबांनी फर्मान काढलं, की नव्या शिक्षिकांना या सगळ्या घरांच्या रीतीभाती शिकवा. आता मला समोरच्या बिऱ्हाडाच्या रीती अजून उमगलेल्या नाहीत (ते दाराबाहेर बादली उलटी का ठेवतात, देव जाणे), पण साहेबांना नाही कोण म्हणणार? मी एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं, की काही समाजांत डोळ्याला डोळा भिडवणं उद्धटपणाचं मानतात. कोणत्या समाजांत, ते पुढच्या पानावर होतं. ते पान वाचायचं राहिलं.

मग काय, आठवडाभर मी या नव्या शिक्षिका मुलींकडून तालीम करून घेतली. नजर खाली, आवाज मऊ, दोन वाक्यांमध्ये थांबायचं, आणि तक्रार थेट न सांगता आधी मुलाचे गुण सांगायचे. आमच्यात एक बडबडी आहे. (खरं नाव मीही विसरलो.) तिला गप्प करायला मला घाम फुटला, पण शेवटी तीही तयार झाली. अभिमानाने माझी छाती फुगली होती, ताई. ती छाती त्यानंतर जी बसली ती बसलीच.

पालकसभेला बडबडीच्या टेबलाशी पहिली आली ती एका बसचालक बाईंची पाळी. त्यांची मुलगी दुसरीत. बडबडीला सांगायचं होतं एवढंच, की मुलगी गणितात कच्ची आहे, पण घरी फार जुंपू नका, जरा खेळू द्या. तिने नजर खाली घातली. हळू आवाजात म्हणाली, "तुमची मुलगी फार गुणी आहे हो." मग थांबली. (छान थांबली, मी मागून मान डोलावली.) मग म्हणाली, "तिला जेवढा वेळ मिळेल, तेवढा आनंदात जाऊ द्या."

बाई मटकन खाली बसल्या. मग उठल्या त्या धावतच सुटल्या, शाळेच्या अंगणातल्या झोपाळ्यावरून पोरीला उचललं आणि तडक दवाखाना गाठला. रांगेतल्या बाकीच्यांनी त्यांचं रडणं पाहिलं. पुढे जावं तर प्रत्येक टेबलावर एक शिक्षिका जमिनीकडे बघत पोराचे गुण गाते आहे! दुसऱ्या दिवशी शाळेत चिटपाखरू नव्हतं. तोंडाला फडकं बांधून डॉक्टर मात्र आले होते, साथ कसली आहे ते विचारायला.

मुख्याध्यापिकाबाईंनी मला बसचालक बाईंच्या घरी पिटाळलं. दार उघडलं, आणि सवयीने माझीही नजर खाली गेली.

"वर बघा आधी," बाई म्हणाल्या. डोळे सुजलेले. "डॉक्टर म्हणतात काही नाही. ते लपवताहेत. तुम्ही खरं सांगा, काय झालंय तिला?"

"काही नाही हो. गणित कच्चं आहे."

"गणित?"

"वजाबाकी."

बाई आधी रडल्या आणि मग भडकल्या. "वजाबाकीसाठी एवढा सुतकी चेहरा? आमच्यात माणूस गेलं की असं खाली बघतात. मला विचारलं असतं तर सांगितलं नसतं का?" पोरगी आतल्या खाटेवर नव्या बाहुल्यांच्या ढिगात लोळत होती. आपल्याला काही झालेलं नाही आणि उद्या शाळा आहे, हे कळल्यावर तिने जे भोकांड पसरलं, ते मला अजून ऐकू येतं.

साहेबांनी यातून एवढाच बोध घेतला, की नियम उलटा करा. आता मुली पालकांच्या डोळ्यांत टक लावून बघतात. काल एका आजोबांनी तीनदा तोंड पुसलं, तरी बडबडी पापणी हलवेना. आजोबा काठी विसरून निघून गेले. विचारून घ्या, घराघरांत विचारा, असं मी साहेबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, तसं पुस्तकात कुठे आहे?

मी हात टेकले आहेत. अन्न गोड लागत नाही. सर्वांना यथायोग्य सांग.

तुझा धाकटा,
आता कुठल्याच कामाचा न उरलेला भाऊ

ता. क. : मुख्याध्यापिकाबाई म्हणतात, दुसरीच्या एका तुकडीच्या बाई रजेवर जाताहेत, तर सोमवारपासून वर्ग तुम्हीच घ्या, म्हणजे कळेल. ताई, मी जन्मभर मोठ्या माणसांना शिकवलं. ती कंटाळली तरी जागची हलत नाहीत. तू एवढी वर्षं पोरं सांभाळलीस. आठवडाभर येऊन मागच्या बाकावर बसशील का? गुडघ्याला उशी देईन.

ता. क. दुसरा : सोमवारपर्यंत थांबू नकोस, आजच नीघ. मी नुसता वर्ग बघायला म्हणून आलो होतो. एकाने पाणी प्यायला जाऊ का विचारलं. मी हो म्हटलं. या ओळी मी इथेच बसून लिहितो आहे, वर्गात दुसरं कोणीच नाही.