बोगद्यातला वास

३ मार्च

किळस! दुसरा शब्द नाही. दोन बागांमधल्या रस्त्याखालून मुंगसांना जायला बोगदा केला, तर माणसं त्यात मुततात. आज आत लहान मुलाचा भरलेला डायपर. मुकादम म्हणाले, "जागा दिसली की सोडायची नाही, माणसाची जातच तशी!" मला हसू आलं नाही. आडवा पडून आत शिरलो, फिनेल टाकून घासलं. मी सातवी नापास, पण पाटी शुद्ध लिहिली – 'येथे घाण करू नये'. संध्याकाळी नेमकी तिच्याखालीच केलेली!

५ मार्च

रस्त्यावर पुन्हा एक मुंगूस चिरडलेलं. मीच फावड्याने उचललं. मोटारवाला काच खाली करून म्हणतो, "बाजूला हो की, मेलेल्याला काय बघतोस!" आणि थुंकला.

छोट्या बागेत पाणी नाही, मोठीत तळं आहे. एवढा रस्ताच तर ओलांडायचा असतो मुंगसांना.

८ मार्च

बोगद्यात लावलेल्या कॅमेऱ्यात एकही मुंगूस नाही. साहेब आले, नाकाला रुमाल. "महिनाअखेरपर्यंत एकही जनावर दिसलं नाही तर सिमेंटने बुजवून टाका." मुकादम नुसते मान डोलावतात! मग मुंगसांनी काय रस्त्यावरच मरायचं?

आजपासून दोन वेळा घासणार. फिनेलची अख्खी बाटली.

१४ मार्च

आत बसून जेवावं इतकं लख्ख. तरी कॅमेरा रिकामा!

घरी ताईने ताट लांबूनच सरकवलं. "अंगाला काय दवाखान्यासारखा वास येतोय रे! मांजर पण पळालं बघ."

लोकांची घाण काढायची मी, आणि वास माझा म्हणे!

१९ मार्च

ताप. चार दिवस झाले, ताई उठू देत नाही. माझ्या जागी कोणी नाही. आत काय काय साचलं असेल!

२४ मार्च

कामावर गेलो. मुकादम फाटकातूनच ओरडले, "अरे आली तुझी मुंगशी! मागे पोरं, शाळेत निघाल्यासारखी!"

फोटो पाहिले. चिखल, कुजलेली पानं, कोणीतरी टाकलेलं अर्धं केळं – आणि त्यातून ती चालली आहेत, निवांत. बुजवणं रद्द! मी तिथेच नाचलो.

मग फोटोंवरच्या तारखा पाहिल्या.

२५ मार्च

सगळे मी अंथरुणात होतो तेव्हाचे. आज फिनेलच्या बाटलीचं बूच काढलं आणि नीट नाकाशी धरली, पहिल्यांदाच.

शी!