मांजर धुळाजीला, नखांसकट

मी, कडूबाई भ्रतार कै. म्हाळू देवकते, वय अंदाजे अडुसष्ट, राहणार कड्याजवळची धनगरवस्ती, तालुका आष्टी, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. कान गेलेत, पण मृत्युपत्राला कान लागत नाहीत. माझ्यावर दाब टाकील असं माणूस या वस्तीत जन्मलं नाही.

१. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला माझ्या नावचं दोन खणांचं पत्र्याचं घर माझी एकुलती लेक सत्यभामा हिला. दीर धुळाजी सारखा म्हणतो, "वयनी, घर घराण्यात ऱ्हाऊ द्या. माझ्या भारतच्या नावावर करा." घराण्याने मला काय दिलं ते खाली लिहिते.

२. घोंगडीचा माग, चरखा, मेंढरं कातरायची कातर, हेही सत्यभामेला. मागाच्या खड्ड्यात मांजर व्यायलेलं असलं तर आधी काठी घालावी, हात घालू नये.

३. हे कलम वाटणीचं नाही, तरी वाचावं. शहाऐंशीच्या दुष्काळात म्हाळू मेंढरं घेऊन गोदावरीकाठी गंगथडीला गेला. मी घोंगडी सोसायटीची सभासद. लोकर सभासदालाच मिळायची, त्यावर घर चालायचं. नागपंचमीला धुळाजीची बायको, माझी जाऊ रतनबाई, हिचं मांजर माझ्या मागावरच्या घोंगडीला नखं रोवून लोंबकळलं. ओढायला गेले तर डावा अंगठा आडवा फाडला. त्या दिवशी आम्ही विळीसुद्धा हातात धरत नाही, चिरणं-कापणं पाप. मांजराला कोण सांगणार? वारुळाला आलेल्या सगळ्या बायांनी अंगठ्याची चिंधी बघितली.

पुढं सोसायटीच्या सभेत धुळाजीने कागद वाचला. तो सेक्रेटरी. कडूबाई सभासदकी सोडते, तिच्या जागी रतनबाईला घ्यावं, खाली माझा अंगठा. मी म्हणाले, "भावजी, म्या अंगठा दिलाच न्हाई." त्याने रजिस्टर उघडून सभासद होताना दिलेल्या माझ्या जुन्या अंगठ्यावर बोट ठेवलं.

"या अंगठ्यावर चीर न्हाई, कागदावरच्यावर न्हाई. तुमच्यावर हाय. मंग तुमी कोण, वयनी?"

सभा हसली. मी कडूबाई नाही असं ठरलं. माझी लोकर रतनबाईकडे गेली. मी सत्यभामेला पाठीशी बांधून पाझर तलावावर खडी फोडली.

सात वर्षांनी साक्षरता वर्गात सिंधुबाईने अक्षरं शिकवली. पहिलं काम, तो कागद मागून वाचला. तारीख पंधरा सप्टेंबर. म्हणजे नागपंचमी होऊन महिना उलटलेला. तेव्हा माझा अंगठा असता तर त्यावर चीर हवी होती. धुळाजीने सभेत वाचताना तारीख गिळली, आणि मला ती ओळखू येत नव्हती. तोवर सोसायटी बुडाली, पत्रेसुद्धा लोकांनी नेले. भांडायला कोणी उरलं नव्हतं.

४. त्या मांजरीची पणती माझ्या कणगीवर बसून असते. मी पाळलेली नाही, उलट तीच मला भाडेकरू समजते. दूध चोरते आणि वर नखं दाखवते. ही दीर धुळाजी याला, नखांसकट. घराण्यातली वस्तू घराण्यात राहावी.

५. माझ्यामागे कोणी माझ्या अंगठ्याचा कागद आणला, तर आधी तारीख बघा, मग अंगठा. नागपंचमी शहाऐंशीनंतरचा असून आडवी चीर नसली तर तो खोटा. मांजरजातीने माझं एवढं एकच काम केलं, आणि तेही तिला माहीत नाही. म्हणून तिचे आभार मानू नयेत.

सही येते, तरी खाली दोन्ही केलं आहे. शाई मुद्दाम पातळ लावली, चीर स्पष्ट उठावी म्हणून.

साक्षीदार:
१) सिंधुबाई कचरू ओव्हाळ (सही)
२) ज्ञानोबा आप्पाराव ढोबळे (सही)

ठिकाण: धनगरवस्ती, कडा
तारीख: २१ एप्रिल २०१३. ही मी स्वतः टाकली आहे.

कडूबाई म्हाळू देवकते
निशाणी डाव्या हाताचा अंगठा, चिरेसह