गल्लीतल्या हवेच्या नळाची तजवीज

मी, मर्विन जोसेफ हॅल्पिन, वय वर्षे एकोणऐंशी, निवृत्त फिटर, राहणार बोवेन, क्वीन्सलंड, हे मृत्युपत्र स्वखुशीने करून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शस्त्रक्रिया खुब्याची झाली, डोक्याची नव्हे. हे मुद्दाम नमूद करतो, कारण गेल्या हिवाळ्यापासून घरात या दोहोंची गल्लत होऊ लागली आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मी रागात आहे हे खरे, पण रागात माझे अक्षर सुधारते आणि विसरभोळेपणा कमी होतो, असा माझा अनुभव आहे. याआधी केलेली माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी वकील मिस ओकीफ यांना व्यवस्थापक नेमत आहे. आधीच्या मृत्युपत्रात या जागी माझे जावई ग्रँट व्हिटलॉ यांचे नाव होते. ते काढले आहे. का काढले, ते कलम ४ मध्ये सविस्तर येईल आणि ते त्यांच्यासमोर मोठ्याने वाचले जावे.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून आधी माझे दफन व्हावे, पत्नी डोरीनच्या शेजारी, साध्या पेटीत. उरेल ते किनाऱ्यावरच्या स्वयंसेवी बचाव पथकाला द्यावे. ही माणसे वादळात दुसऱ्यांच्या होड्या ओढून आणतात आणि त्याबद्दल कधी भाषण ठोकत नाहीत.

कलम ३. माझी पत्र्याची होडी, ट्रेलरसह, माझी नात टेगन हिला. ट्रेलरच्या चाकांना खारे पाणी लागते, तेव्हा बेअरिंगला ग्रीस भरत जाणे. हे तिला सांगायची गरज नाही, ती आतल्या भागातल्या कोळसा खाणीत मोठमोठ्या डंपरांची फिटर आहे. तरी सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

शेजारीण नोएला बार्बा हिला आवाज अडवायला कानांवर लावायचे माझे मफ. माझ्या शेडमधल्या, हवा दाबून टाकीत भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या आवाजाबद्दल तिने नगरपालिकेकडे इतक्या तक्रारी केल्या की तिथला कारकून मला नावाने ओळखू लागला. त्याच कॉम्प्रेसरच्या हवेवर तिच्या आंब्याच्या ढकलगाडीचे चाक वर्षानुवर्षे फुगत आले, हे तिने एकाही तक्रारीत लिहिले नाही.

कलम ४. आता शेड.

घरामागची शेड, तिच्यातला कॉम्प्रेसर आणि भिंतींवरून फिरवलेली तांब्याची नळी ही डोरीनची आणि माझी एकत्र कमाई आहे. गावाबाहेरचा मांसाचा कारखाना बंद पडला तेव्हा मी तिथे फिटर होतो. सामानाचा लिलाव निघाला. घरी आपले छोटेसे गॅरेज मांडावे असे ठरले आणि वाद तिथेच सुरू झाला. मला विजेवरची हत्यारे हवी होती: वायर खोचली की काम सुरू, ना टाकी भरायची वाट पाहणे, ना पाइपात पाय अडकणे. डोरीन म्हणाली की कारखान्यात तुम्ही सगळे पाण्यात उभे राहून हवेची हत्यारे चालवायचात ती काही हौस म्हणून नाही. आपली शेड वादळाच्या दिवसांत घोटाभर पाण्यात असते, तिथे मी तुला हातात वीज घेऊन उभा राहू देणार नाही. विषय संपला. कॉम्प्रेसर लिलावातून घरी आला.

नळी आम्ही तिघांनी बसवली. डोरीनने उतार ठरवला, म्हणजे हवेतले पाणी एका कोपऱ्यात गोळा होऊन बाहेर पडावे. सांधे आमची मुलगी लॉरेल हिने डाग देऊन जोडले. तेव्हा ती शाळेत होती आणि तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. आणि शेवटचे टोक डोरीनने भिंतीतून आरपार काढून मागच्या गल्लीत नेले. तिथे एक नळ, एक लांब पाइप, दाब दाखवणारे घड्याळ, आणि पाइप टांगायला एक हूक. पाटी नाही. विचारायचे नाही, पैसे नाहीत, कुंपणाला दार नाही.

त्या नळावर कोण आले नाही? पहाटे होड्यांचे ट्रेलर, शाळेच्या वाटेवर सायकली, बाबागाड्या, आंबे तोडायला आलेल्या परदेशी पोरांच्या खटारा व्हॅन. ज्यांच्याशी माझे बोलणे बंद होते तेही आले. शेडमध्ये काम करताना टाकी मध्येच भरायला लागली की मी समजायचो, गल्लीत कोणीतरी आहे.

गेल्या हिवाळ्यात खुब्यासाठी मी टाउन्सव्हिलच्या रुग्णालयात होतो. परत आलो, चालायच्या चौकटीला धरून शेडपर्यंत गेलो, आणि पाहतो तर कॉम्प्रेसरवर ताडपत्री, ताडपत्रीवर 'विकणे आहे' अशी चिठ्ठी, आणि समोरच्या भिंतीवर ओळीने चार्जर, त्यांचे हिरवे दिवे लुकलुकत आहेत. जावईबापूंनी मला भेट दिली होती. बॅटरीवरचा नट काढायचा पाना, बॅटरीवरचे ग्राइंडर, बॅटरीवरचे ड्रिल.

ग्रँट कुठून तरी व्हिडिओ बघून आला होता. तो म्हणाला, "मर्व्ह, आता हवाबिवा कोण वापरतं? ना आवाज, ना पाइप. तुमच्या वयाला हेच सोपं."

माझ्या वयाला! हवेची गन, म्हणजे हवेवर चालणारा पाना, हातात हलकी असते, कारण तिचे यंत्र कोपऱ्यात जमिनीवर बसलेले असते. बॅटरीवाली गन आपले बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरते. संधिवाताच्या मनगटाने ती मी उचलली, एक चाक सोडवले, आणि दुसऱ्या चाकाला हात कापू लागला. ज्याने ती सोपी म्हणून आणली त्याने ती माझ्या हातात एकदा ठेवून पाहायचीही तसदी घेतली नव्हती. शिवाय या बॅटऱ्या दुसऱ्या कंपनीच्या हत्यारात बसत नाहीत, आणि आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये जानेवारीत, इथल्या ऐन उन्हाळ्यात, दुपारी त्या इतक्या तापतात की चार्जर लाल दिवा लावून संपावर जातो.

तरी हे मी गिळले असते. मग गल्लीत गेलो. नळ गायब. नळी भिंतीलगत कापलेली आणि त्या भोकावर स्क्रूने बसवलेली स्टीलची पट्टी.

मी ग्रँटला विचारले तर म्हणे, कोणाचा टायर फुटला तर खटला आपल्यावर येईल. कोणाला हवा लागलीच तर त्याने पुढचे दार ठोठावावे. बॅटरीवरचा छोटा पंप आणून ठेवला आहे, तो द्यायचा आणि परत घ्यायचा. त्याच दुपारी मी गल्लीत उभा असताना एक मुलगी पंक्चर काढलेली सायकल हाताने ढकलत आली. तिने पट्टी पाहिली, माझ्याकडे पाहिले, आणि तशीच पुढे गेली. तिने दार ठोठावले नाही. कोणीच ठोठावत नाही. हवा मागायला माणसाला लाज वाटते, हे डोरीनला कोणी न सांगता कळले होते.

आणि लॉरेल? जिने ते सांधे जोडले ती माझी मुलगी? ती स्वयंपाकघरात मूग गिळून बसली होती. तिने मला चहा दिला आणि बिस्किटे पुढे केली. नवऱ्याच्या वागण्याने मला राग आला. तिच्या गप्प बसण्याने मात्र माझे काळीज दुखले, आणि ते अजून दुखते आहे.

खाणीतून सुट्टीवर आली तशी टेगनने ताडपत्री काढून फेकली. टाकीच्या तळाचा नळ उघडला तर चहाच्या रंगाचे पाणी वाहू लागले. या समुद्राकाठच्या दमट हवेत टाकी बंद ठेवायची तर आधी पाणी सोडायचे असते. व्हिडिओत हे सांगितले नसावे. टाकी वाचली. टेगनने पट्टी उखडली, नवा नळ बसवला, आणि हवा पुन्हा गल्लीत गेली. तेव्हा ग्रँट काय म्हणाला ते शब्दशः लिहितो: "ठीक आहे, मर्व्ह असेपर्यंत राहू दे." मग खिशातून टेप काढून मी समोर बसलेलो असताना त्याने माझी शेड मोजली. तिथे हिवाळ्यात दक्षिणेकडच्या थंडीतून इकडे येणाऱ्या पर्यटकांसाठी भाड्याची खोली होणार आहे, दोन पलंग आणि न्हाणीघर. मी असेपर्यंत! जिवंत माणसासमोर त्याच्या पेटीचे माप घ्यायचे तरी लोक टाळतात.

कलम ५. हत्यारांची वाटणी. सर्व बॅटरीवरची हत्यारे आणि ते लुकलुकणारे चार्जर ग्रँट व्हिटलॉ यांना साभार परत. मात्र टेगन म्हणते त्यात तथ्य आहे आणि ते नोंदवतो, नाहीतर मी आडमुठा म्हणून ओळखला जाईन. ती म्हणाली, "आजोबा, हायवेवर ट्रेलरचं चाक बसलं तर तुमचा कॉम्प्रेसर काय खांद्यावर घेऊन जाल? तिथे बॅटरीच. पण तासभर घासायचं असेल, रंग मारायचा असेल, टायर भरायचे असतील, तर हवा. आणि वर्षातून दोनदा नट फिरवणाऱ्याने कॉम्प्रेसर घेऊच नये." हे बरोबर आहे. म्हणून बॅटरीवरचा पाना, एकच, टेगनने ठेवून घ्यावा. हवेची सर्व हत्यारे शेडसोबत राहतील; प्रत्येकात कामाआधी तेलाचे थेंब सोडावेत.

कलम ६. माझे घर आणि त्याच जमिनीवरची शेड, जी वेगळी काढता येत नाही, माझी एकुलती एक मुलगी लॉरेल अ‍ॅन व्हिटलॉ हिला. गल्लीतला नळ चालू ठेवावा ही माझी अट. मिस ओकीफ यांनी स्पष्ट केले की अशी अट कोर्टात फारशी टिकत नाही; घर एकदा नावावर झाले की मालकीण ठरवेल ते होईल. लॉरेलला घर घेता आले नाही किंवा घ्यायचे नसेल तर ते टेगनला. सरळ टेगनलाच का देत नाही, असे मिस ओकीफ यांनी विचारले. मी मुलीला डावलणार नाही. ती मला कितीही दुखवो, बापाने मुलीचे नाव कागदावरून काढले असे गावात कोणी म्हणू नये.

कलम ७. सह्यांपूर्वी माझ्या हाताने घातलेली भर.

वरील मजकूर आज मिस ओकीफ यांच्या कार्यालयात वाचून दाखवला गेला. मला गाडीतून घेऊन लॉरेल आली होती, तिनेही तो ऐकला. ग्रँट आला नव्हता. वाचून झाल्यावर मिस ओकीफ यांनी आपल्या कारकुनाला हाक मारली आणि दुसऱ्या साक्षीदारासाठी शेजारच्या दुकानातून कोणाला तरी बोलवायला सांगितले. लॉरेल म्हणाली, दुसरी साक्षीदार मी होईन.

मिस ओकीफ यांनी तिला थांबवले. इथल्या कायद्याने ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याला मिळायचे ते रद्द होते, म्हणजे कलम ६ प्रमाणे घर टेगनकडे जाईल, हे त्यांनी तिला समजावून सांगितले. लॉरेल म्हणाली, मला माहीत आहे, मी कालच फोन करून विचारलं होतं.

मी चिडलो. मी तिला म्हणालो, तुला घर नको आहे काय? तुझ्या आईचं घर आहे ते.

तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "बाबा, ती पट्टी बसवली तेव्हा मी तिथेच होते. स्क्रू माझ्या हातात होते. तो एकेक मागत होता आणि मी देत होते. घर माझ्या नावावर झालं की तो पुन्हा मागेल, आणि मी पुन्हा देईन. मला माझा स्वभाव माहीत आहे."

मी तिला मूर्ख म्हटले, आणि आणखीही बोललो, ते मिस ओकीफ लिहू देत नाहीत. ती गप्प राहिली नाही. ती म्हणाली, "बोला तुम्ही. पण पेन द्या."

मी पेन दिले आहे. कलम ६ बदललेले नाही. मुलीचे नाव मी काढलेले नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला मान्य आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

सही: मर्विन जोसेफ हॅल्पिन

साक्षीदार: रसेल टिबेट, कारकून, मिस ओकीफ यांचे कार्यालय

साक्षीदार: लॉरेल अ‍ॅन व्हिटलॉ, मुलगी. या मृत्युपत्रातून काहीही न घेणारी.

ठिकाण: बोवेन
दिनांक: १८ ऑगस्ट २०२३