बारा दिवस पुढचं घड्याळ

भरे,
मंगळवार, १९ सप्टेंबर २००६

ती. विठ्ठलमामा आणि सौ. मामी यांना साधनाचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहोत. मामा, तुमचा गुडघा कसा आहे? गणपतीत आलात तेव्हा एसटीच्या पायरीवर तो अडला होता, म्हणून विचारते. आईने तुमच्याबरोबर दिलेली पिशवीही नीट पोहोचली असेल. (आत काय आहे ते तिने मला सांगितलं नाही, पापड असावेत.)

निघताना तुम्ही पंचांग पाहून आईला सांगितलंत, की पितृपंधरवड्यात नवं काम नको, घटस्थापनेपर्यंत थांबा. तुमचा शब्द आमच्याकडे शेवटचा. पण लवळ्याच्या कॉलेजातल्या मेधा मॅडमनी लॅब असिस्टंटच्या जागेसाठी अट घातली, की तयार सीडीवरून कुणीही बसवतं, तुम्ही संगणकाची अख्खी कार्यप्रणाली सोर्सपासून बांधा आणि एकोणीस तारखेला चालती करून दाखवा. सोर्स म्हणजे माणसांनी लिहिलेला मूळ मजकूर. तो कम्पायलर नावाच्या प्रोग्रॅममधून काढून एकेक भाग घडवायचा आणि जोडत जायचा; ताटात भात न मागता साळ भरडण्यापासून सुरुवात करावी तसं. मला ही अट फार आवडली. हा मजकूर लोकांनी फुकट वाटलाय, कुणीही उघडून वाचावा. आपल्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली, तर निदान एक गोष्ट मुळापासून समजून करावी असं मला वाटतं. (हे आईला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, मग आधी भाकरी.)

पंधरवड्यात ती मशीनला हात लावू देईना. म्हणून अकरा तारखेला मी संगणकाची तारीख बारा दिवस पुढे केली, पडद्याच्या कोपऱ्यातला तेवीसचा, म्हणजे घटस्थापनेचा, आकडा तिला दाखवला आणि म्हटलं, याच्या आत घट बसलेत. तिने विश्वास ठेवून संगणकाच्या डब्याला हळदकुंकू वाहिलं आणि मी काम सुरू केलं.

दुसऱ्या दिवसापासून चुका येऊ लागल्या. घडलेले भाग पुन्हा पुन्हा घडत राहायचे, मध्येच सगळं थांबायचं आणि संदेश यायचा, की आत्ता तयार झालेली फाइल मूळ फाइलींपेक्षा जुनी आहे. मी कम्पायलर बदलला, सोर्स तीनदा नव्याने उतरवला, मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली. (तारीखही अधूनमधून मूळपदावर येई. मला वाटलं आतला सेल संपला. मी पुन्हा पुढे करी.) शेवटी पिरंगुटच्या सायबर कॅफेतून परदेशातल्या जाणकारांना विचारलं. त्यातल्या एकाने विचारलं, तुमच्याकडे तारीख काय? पितृपक्ष इंग्रजीत कसा सांगावा यात माझा अर्धा तास गेला. शेवटी लिहिलं, बारा दिवस पुढची आहे, कारण घरगुती. त्याचं उत्तर आलं, की पुढे असली तरी चालेल, पण ती मागेपुढे होत असेल, तर कुठला भाग जुना आणि कुठला नवा हे यंत्राला कळणारच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला उलगडा झाला. दादा (तुमचे दाजी) रेडिओच्या बातम्यांना भिंतीवरचं घड्याळ लावतात, हे तुम्हाला माहीत आहे. ते लावून झालं, की ते संगणकासमोर बसून एका बोटाने तारीख बदलत होते. ती कशी बदलायची हे मीच त्यांना शिकवलं होतं आणि पासवर्ड आपल्या बैलाचं नाव, भैरू, म्हणजे घरात कुणापासून लपलेला नाही. मला म्हणाले, "तुजं मशीन लई फुडं पळतंय. मी रोज मागं आणतूय, तरी ऐकंना."

मग आईला खरं सांगावंच लागलं. तिने तांदळाचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "माज्या हातनं हळदकुंकू वाहून घेतलंस, आन् तारीख खोटी?" मग तिनेच विचारलं, खऱ्या तारखेवर चालंल का. मी म्हटलं, त्यावरच चालेल. "मग कर. पितरांना काम चालतंय, खोटं चालत न्हाई."

सगळं पुसून शनिवारी नव्याने सुरुवात केली, तारीख दादांच्या रेडिओची. आज डबा गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन सहा आसनी रिक्षाने लवळ्याला गेले. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मॅडमनी विचारलं, सगळ्यात अवघड चूक कुठली? मी म्हटलं, घरगुती. त्यांनी शुक्रवारी पदवीचं प्रमाणपत्र घेऊन रुजू व्हायला सांगितलंय; नाही आले तर दुसरी मुलगी तयार आहे.

तुम्हा दोघांचे आशीर्वाद असू द्यावेत.

तुमची,
साधना

ता.क. शुक्रवारी सर्वपित्री अमावस्या आहे. आईला मी अजून दिवस सांगितलेला नाही. एकदा फसवल्यावर तोंड नाही. तुम्ही गुरुवारी येऊन तिला सांगाल का, की हजेरीपटावर सही करणं हे नवं काम नव्हे, जुन्याच कामाचा शेवट आहे? खोटं सांगा असं मी म्हणत नाही. पंचांग जरा निरखून बघा, एवढंच.

आणखी एक. प्रमाणपत्रही सापडत नाही. ट्रंक पाहिली, तांदळाची कणगी पाहिली.

ता.क. दुसरा. येऊ नका. पत्र बंद करताना आईने विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "नोकरीचं कुटं इचारलंस? तू मशीनचं इचारलंस." नोकरीचं बोलणं गणपतीतच निघालं होतं, तेव्हाच तिने चांगला दिवस बघून माझं प्रस्थान ठेवलंय. सामान घराबाहेर पडलं तो दिवस निघाल्याचा, मग माणूस अमावस्येला गेलं तरी दोष नाही. तुमच्याकडची पिशवी तीच. आत एक साडी, नारळ आणि माझं प्रमाणपत्र आहे. म्हणजे आईच्या हिशेबाने मी घरातून कधीच निघाले आहे, तेही लवळ्याच्या उलट्या दिशेला. हे पत्र घेऊन येणाऱ्या कंडक्टरकडेच ती पिशवी द्या, गुरुवारी पोहोचेल. नारळ ठेवून घ्या.

तारीख मागे नेलेली मग चालते का, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, आधी भाकरी.